लिव्हिंगस्टन (झांबिया) ते कासाने (बोट्सवाना): पूल झाल्यापासून

कुणीतरी विचारलंय की झांबियातून बोट्सवानात जायला कझुंगुलाला झांबेझी नदी ओलांडणारा तराफाच घ्यावा लागतो का. नाही, ते आता संपलं. मे २०२१ मध्ये तिथेच झांबेझीवर पूल सुरू झाला, ९२३ मीटर लांब. तो नकाशावर जरूर बघा, मधेच वाकलाय! सरळ बांधला असता तर झिंबाब्वेच्या हद्दीतून गेला असता.

झांबियाची राजधानी लुसाका ते लिव्हिंगस्टन मोठ्या बस आहेत, अंतर पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास. पहाटेची बस घ्या, म्हणजे उजेडी पोचाल. तिथून सीमेपर्यंत मात्र शेअर टॅक्सी किंवा मिनीबस, आणि तिचं वेळापत्रक म्हणजे आपलं वडाप: भरली की निघणार. मी पहिला जाऊन खिडकी पकडली आणि दीड तास ऊन खात बसलो. शहाण्याने शेवटून दुसरं यावं. पुढे मक्याच्या पिठाचं पोतं, मांडीवर कुणाचं तरी पोर, बाहेर भाजलेली कणसं विकणाऱ्या बायका. वेळ बरा गेला म्हणा.

झिंबाब्वेत जायचं असेल तर लिव्हिंगस्टनजवळच्या व्हिक्टोरिया धबधब्यापाशी १९०५ चा जुना पूल आहे, तो चालतच ओलांडा. एकाच पुलावर रूळ, रस्ता आणि पायवाट. नदीला पाणी भरपूर असेल तेव्हा तुषारांनी चिंब व्हाल, पासपोर्ट आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत टाका. माझा अजून फुगलेलाच आहे.