ॲपलबीची घोड्यांची जत्रा खरंच राजाच्या सनदेनं सुरू झाली का?

लीड्सकर:
नमस्कार मंडळी. मी इंग्लंडात लीड्सला राहतो. या जूनमध्ये पहिल्यांदाच कंब्रियातल्या ॲपलबीला रोमानी, म्हणजे जिप्सी, लोकांची घोड्यांची जत्रा बघायला गेलो आणि अजून ती डोक्यातून जात नाहीये. ईडन नदी गावातूनच वाहते, तिथं पुलाजवळ दहा-बारा वर्षांचा एक पोरगा बिनखोगिराच्या अबलख घोड्यावर बसून सरळ पाण्यात घुसला, पाणी आधी घोड्याच्या छातीला, मग मानेला, मग घोडा पोहायलाच लागला आणि पोरगा नुसती आयाळ धरून बसलेला. बाहेर आल्यावर भांड्यांचं लिक्विड ओतून त्याच्या खुरांवरचे लांब पांढरे केस असे चोळून धुतले, की बघत राहावं.
आता प्रश्न. तिथं जो तो सांगतो की १६८५ मध्ये दुसऱ्या जेम्स राजानं सनद दिली तेव्हापासून ही जत्रा आहे. पण गावातले एक आजोबा म्हणाले, ते काही खरं नाही. मग खरं काय? आणि रोमानी लोक तिथंच का जमतात?

जुनं दप्तर:
आजोबा बरोबर बोलले. १६८५ ची सनद निघाली होती, पण दफ्तरी नोंद व्हायच्या आधीच ती रद्द झाली, आत्ताच्या जत्रेचा तिच्याशी काही संबंध नाही. तिथले स्थानिक इतिहासकार ॲन्ड्र्यू कॉनेल यांनी हे नीट शोधून मांडलंय. जूनची ही जत्रा सुरू झाली १७७५ च्या सुमाराला, गावाच्या हद्दीबाहेरच्या मोकळ्या माळावर. आज त्याला फेअर हिल म्हणतात, तेव्हा नाव होतं गॅलोज हिल, म्हणजे फाशीची टेकडी. गुरं-मेंढरं हाकत आणणारे लोक आणि घोड्यांचे व्यापारी तिथं जमायचे. पुढं रेल्वे आली, गुरं पायी हाकत न्यायचं बंद पडलं, पण घोडे राहिले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ती जिप्सींची जत्रा म्हणूनच ओळखली जायला लागली.
मला यात सगळ्यात लागतं ते वेगळंच. 'जिप्सी' हा शब्द 'इजिप्शियन'वरनं आलाय, हे लोक इजिप्तचे असा तिथल्यांचा गैरसमज होता. १५६२ च्या कायद्यानं त्यांच्या टोळीबरोबर महिनाभर फिरताना सापडला तरी देहदंड होता, आणि तो कायदा रद्द झाला १७८३ मध्ये. म्हणजे त्या माळावर पहिली जत्रा भरली तेव्हा तो कायदा पुस्तकात होताच. अशा लोकांनी राजाच्या सनदेची गोष्ट जपून ठेवली तर मला त्यांचा राग येत नाही, पण त्यांचा हक्क त्या कागदावर नाही, पिढ्यानपिढ्या येत राहण्याच्या वहिवाटीवर उभा आहे. १९६५ मध्ये जत्रा बंद करायचा प्रयत्न झाला, तोही टिकला नाही. २००१ ला लाळ्या-खुरकतच्या साथीमुळं आणि २०२० ला कोविडमुळं भरली नाही, २०२१ ला ऑगस्टमध्ये भरवली.

तापीकाठ:
आमचं गाव सारंगखेड्याजवळ, दत्तजयंतीच्या यात्रेतला घोडेबाजार लहानपणापासून बघत आलोय म्हणून विचारतो, तिथं सौदा कसा होतो हो? आपल्याकडं गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, बाजूच्याला कळत नाही. आणि नदीत घोडे बुडत नाहीत का?

लीड्सकर:
दादा, तिथं एकदम उलटं, सगळं उघड्यावर. विकणारा तळहात पुढं करतो, घेणारा त्यावर फाडकन टाळी मारत आकडा बोलतो, हा मान हलवतो, परत टाळी, परत आकडा, भोवती घोळका. दोघं अडले की तिसराच कुणीतरी त्यांचे हात धरून एकमेकांत देतो. शेवटच्या टाळीला सौदा पक्का, मग विकणारा थोडे पैसे परत करतो, लक मनी म्हणतात. घोडा घ्यायच्या आधी रस्त्यावर दुडक्या चालीनं पळवून दाखवतात, त्या रस्त्याचं नावच फ्लॅशिंग लेन. लोकांच्या मधूनच घोडे सुटतात, सावध राहावं लागतं. बुडायचा धोका असतोच, म्हणून प्राण्यांवर लक्ष ठेवणारे आरएसपीसीएचे लोक दरवर्षी तिथं असतात.

शब्दवेडी:
भाषेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. रोमानी ही भारतातनं गेलेली भाषा, त्यांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी उत्तर भारतातनं बाहेर पडले. नाकाला नाक, कानाला कान, पाण्याला पानी, झाडाला रुक, आपल्या रूख-सारखं. पण घोड्याचा शब्द मात्र आपला नाही. ग्रास्त, इंग्लंडात ग्राय, हा आर्मेनियन भाषेतनं घेतलेला, आणि नालेला पेटालो, तो ग्रीक. म्हणजे कुठल्या वाटेनं गेले ते घोड्याच्या शब्दांतच दिसतं. इंग्लंडातल्या रोमानीत लोहाराला पेटुलेंग्रो म्हणतात, नालवाला, आणि स्मिथ आडनावाच्या रोमानी घराण्यांचं ते आपल्या भाषेतलं नाव.

लीड्सकर:
बाप रे, हे माहीतच नव्हतं. एक स्मिथ काका चहाला बोलावत होते त्यांच्या गोल टपाच्या गाडीपाशी, आणि मी लाजून गेलो नाही. तापीकाठ, तुम्ही कधी आलात तर जूनची सुरुवात धरून या, लीड्सहून ॲपलबीला थेट रेल्वे आहे, मी येतो सोबत.