मदत हवी आहे : आठ वर्षांच्या डांबरी रस्त्यावर पुन्हा कार्पेट घालावे का? (येळ्ळूर रस्ता, बेळगाव)

धागाकर्ता :

नमस्कार. बेळगावच्या दक्षिणेला, येळ्ळूर रस्त्याला लागून असलेल्या एका लेआउटमध्ये आम्ही बेचाळीस कुटुंबे राहतो. लेआउटचे हस्तांतरण अजून झालेले नसल्यामुळे आतला रस्ता, गटार आणि दिवे यांची देखभाल रहिवासी समितीलाच करावी लागते, आणि समितीचा कार्यवाह या नात्याने मी हा प्रश्न इथे मांडत आहे. २०१७ च्या उन्हाळ्यात घरटी वर्गणी काढून आम्ही ३८० मीटर लांब आणि साडेपाच मीटर रुंद रस्त्याचे डांबरीकरण करून घेतले. खाली मुरूम, त्यावर खडीकरण आणि वर २० मिलीमीटरचे कार्पेट (डांबर-खडीचा पातळ थर) व सीलकोट (त्यावरचा फटी बुजवणारा डांबरी लेप), असे त्या वेळच्या बिलात लिहिलेले आहे.

आज रस्त्याची अवस्था सगळीकडे सारखी नाही. वरच्या अंगाचा सुमारे २०० मीटरचा भाग काळ्याचा राखाडी झाला आहे, त्यावर केसासारख्या बारीक भेगा आहेत आणि झाडताना बारीक खडी केरात येते. पण चालताना किंवा गाडी चालवताना काही जाणवत नाही. मधल्या साठ मीटरमध्ये दोन वर्षांपूर्वी नळाच्या पाइपसाठी चर खणला गेला होता. तो बुजवला, वर डांबरही टाकले, परंतु आता चराची संपूर्ण पट्टी चार बोटे खचली आहे. उताराकडचा शेवटचा १२० मीटरचा भाग सर्वांत वाईट आहे. तिथे वाळलेल्या तळ्यातल्या चिखलासारख्या जाळीदार भेगा पडल्या आहेत, चाकांच्या वाटेवर रस्ता दबला आहे आणि दोन्ही कडा वीतभर तुटल्या आहेत. पाऊस थांबून तीन-चार तास झाले, वरचा भाग पूर्ण वाळला, तरी या भेगांतून पाणी झिरपत राहते आणि वाळल्यावर भेगेच्या दोन्ही बाजूंना काळपट मातीची रेघ उमटते.

आमच्याकडे दोन दरपत्रके आली आहेत. पहिल्यात संपूर्ण रस्त्यावर पुन्हा २० मिलीमीटर कार्पेट व सीलकोट सुचवला आहे. दुसऱ्यात ३० मिलीमीटरचा दाट थर आहे आणि त्याचा खर्च जवळजवळ दीडपट आहे. पहिले दरपत्रक कन्नडमध्ये आहे. इतकी वर्षे इथे राहिल्यामुळे ते वाचता येते, परंतु त्यातले तांत्रिक शब्द मला कन्नडमध्येही समजले नाहीत आणि मराठीतही समजले नसते, म्हणून जाणकारांना विचारत आहे. डांबरी रस्ता किती वर्षे टिकायला हवा? पुण्याचा १९७६ साली झालेला जंगली महाराज रस्ता कित्येक दशके टिकल्याचे आपण सर्वांनी ऐकले आहे; मग आमचा रस्ता आठ वर्षांत असा का झाला? आणि आता पैसे नेमके कशावर खर्च करावेत? वर्गणी देणाऱ्यांत निवृत्तिवेतनावर जगणारी घरे बरीच आहेत, त्यामुळे एकदा केलेली चूक पुन्हा करण्याची आमची ऐपत नाही.

प्रतिसाद १ :

मी रस्तेबांधणीच्या शासकीय नोकरीतून निवृत्त झालो आहे आणि खानापूर व चिकोडी या दोन्ही तालुक्यांत काम केले आहे. आपण रस्त्याचे तीन भाग वेगवेगळे करून सांगितलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले.

आयुर्मानाविषयी प्रथम सांगतो. भारतीय रस्ते काँग्रेस या रस्त्यांचे तांत्रिक निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या ३७ क्रमांकाच्या संहितेच्या २०१८ च्या आवृत्तीत राष्ट्रीय व राज्य महामार्ग वीस वर्षांच्या वाहतुकीसाठी आखावेत असे म्हटले आहे. परंतु ते आयुष्य खालच्या सर्व थरांसह संपूर्ण रस्त्याचे असते. वरचा पृष्ठभाग त्या काळात एक-दोनदा नवा करावा लागतोच. वसाहतीत किंवा खेड्यात घालतात ते २० मिलीमीटरचे कार्पेट रस्त्याला बळकटी देत नाही. ते पाणी अडवते, धूळ थांबवते आणि चाकाला गुळगुळीत पृष्ठभाग देते. आपल्याकडच्या पावसात ते साधारण चार ते सहा वर्षांनी नवे करावे लागते. त्या हिशेबाने आपला वरचा भाग आठ वर्षे टिकला, म्हणजे काम चांगले झाले होते असे मी म्हणेन. जंगली महाराज रस्त्याशी पातळ कार्पेटची तुलना करणे योग्य नाही.

डांबर दोन गोष्टींमुळे म्हातारे होते, हवा आणि ऊन. त्यातला तेलकट अंश कमी होतो, प्राणवायूशी संयोग होऊन ते कडक व ठिसूळ बनते, आणि काळा रंग राखाडी होतो. वरच्या भागात हेच झाले आहे आणि ते नैसर्गिक आहे. उताराकडच्या भागाचा आजार मात्र वेगळा दिसतो. जाळीदार भेग आणि तिच्यातून वर येणारी माती ही खालचा थर भिजून मऊ झाल्याची खूण असते. चाक वरून गेले की खालचे चिखलपाणी दाबले जाऊन भेगेतून वर येते आणि प्रत्येक वेळी थोडी माती घेऊन येते.

कोणत्याही दरपत्रकावर सही करण्यापूर्वी खराब भागात दोन फूट लांब-रुंद खड्डा खणून पाहा. प्रत्येक थराची जाडी मोजा आणि सर्वांत खालची माती हाताने चाचपून पाहा. त्यासोबत रस्त्याच्या मध्यावरून दोन्ही कडांपर्यंत दोरी ताणून ढाळ (मध्यापासून कडांकडे दिलेला उतार) किती आहे तेही मोजा. साडेपाच मीटर रुंदीला अडीच टक्के ढाळ धरला, तर मध्यभाग कडेपेक्षा सुमारे सात सेंटिमीटर उंच असायला हवा.

धागाकर्ता :

आपण सांगितल्याप्रमाणे काल सकाळी खड्डा खणला. कार्पेट सुरीने केक कापावा तसे कापले गेले आणि त्याचा तुकडा हातात घेऊन वाकवल्यावर लगेच मोडला. त्याखाली खडीचा थर अकरा सेंटिमीटर भरला, परंतु खालच्या चार सेंटिमीटरमध्ये खडीच्या फटी काळ्या मातीने पूर्ण भरलेल्या होत्या, जणू खडी मातीत रुतवून ठेवली आहे. मुरूम आठ सेंटिमीटर होता. त्याखालची माती काळी, चिकट होती. मुठीत दाबली की तिचा गोळा झाला आणि बोटांचे ठसे जसेच्या तसे राहिले. खड्डा खणून अर्धा तास झाला असेल, तेव्हा गटाराच्या बाजूच्या भिंतीतून पाणी पाझरू लागले. ढाळ मोजला, तर मध्यभाग कडेपेक्षा जेमतेम अडीच सेंटिमीटर उंच निघाला.

जुन्या शेजाऱ्यांना विचारले, तेव्हा हा सगळा पट्टा पूर्वी भाताचा होता असे कळले. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर या बाजूला बासमती पिकवणारी शेते होती आणि आजही काही आहेत. लेआउटचा उताराकडचा भाग अशाच एका शेतात भर घालून उभा राहिला आहे.

प्रतिसाद २ :

आमच्याकडे खानापूर तालुक्यात लाल जांभ्याची जमीन आहे, त्यामुळे खालून चिखल येण्याचा त्रास नाही, परंतु पाऊस बेळगावपेक्षा पुष्कळ जास्त असतो. आम्ही शिकलेल्या दोन गोष्टी सांगतो. गणपतीच्या मंडपासाठी रस्त्यात पहारीने भोके पाडली जातात आणि विसर्जनानंतर ती तशीच राहतात. आमच्या गल्लीत पुढच्या पावसाळ्यात बहुतेक खड्डे नेमके त्याच ओळीत पडले होते. आता मंडप उतरला की त्याच आठवड्यात भोके साफ करून इमल्शन (पाण्यात मिसळलेले पातळ डांबर) आणि बारीक ग्रिट (खडीची कच) यांनी ठासून भरतो. दुसरे असे की, दुरुस्तीसाठी ट्रॅक्टर किंवा दुचाकी एकाच जागी उभी केल्यामुळे जिथे डिझेल व ऑइल ठिबकत राहते, तिथे डांबर विरघळून खडी मोकळी होते. तिथे वरून डांबर टाकून उपयोग होत नाही. तेवढा तुकडा कापून काढावा लागतो.

प्रतिसाद १ :

खड्ड्याची माहिती वाचून माझी शंका पक्की झाली. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते, आणि पूर्ण भिजल्यावर तिचे सीबीआर मूल्य, म्हणजे भार पेलण्याची क्षमता, अनेकदा दोन-तीन टक्क्यांवर येते. अशा जमिनीवर आठ सेंटिमीटर मुरूम आणि अकरा सेंटिमीटर खडी म्हणजे फारच थोडे झाले. त्यात घरे बांधताना विटा आणि वाळूचे टिपर याच रस्त्याने आले असणार. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या मोठ्या रस्ताचाचणीतून असे दिसले की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची हानी सुमारे सोळापट होते. त्या हिशेबाने भरलेल्या टिपरची एक फेरी मोटारगाडीच्या दहा हजारांहून अधिक फेऱ्यांइतकी जड पडते. आपल्या मोटारी आणि स्कूटर यांनी हा रस्ता मुळीच खराब केलेला नाही.

आता काय करावे ते भागाभागाने सांगतो. उताराकडच्या १२० मीटरवर कोणत्याही जाडीचे कार्पेट घालू नका. २० मिलीमीटर घातले तरी आणि ३० मिलीमीटर घातले तरी, एक-दोन पावसाळ्यांत खालच्या भेगा त्याच जागी वर येतील. शिवाय प्रत्येक नव्या थराबरोबर रस्ता उंच होतो आणि पाणी अंगणात शिरते, हे नुकसान दरपत्रकात कोणी लिहीत नाही. हा भाग उकरून काढा. तळाशी निचरा होणारा, माती नसलेला मुरूम व खडी यांचा किमान पंधरा ते वीस सेंटिमीटरचा थर आणि त्यावर पंधरा सेंटिमीटर ओली मिश्रखडी (पाणी घालून मिसळलेली लहान-मोठी खडी) थराथराने दाबून घ्या, अडीच टक्के ढाळ द्या आणि मग कार्पेट घाला. परंतु या सगळ्याआधी गटार मोकळे करा. गटाराचा तळ मुरमाच्या थरापेक्षा खाली असला पाहिजे, नाहीतर गटारातले पाणीच रस्त्याच्या पोटात जाते. आपल्या खड्ड्यात त्या बाजूने पाझर आला, तो यामुळेच.

मधल्या चराची पट्टी दोन्ही बाजूंना वीतभर जास्त घेऊन, कडा उभ्या कापून पूर्ण उकरा आणि पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या थरांनी दाबून भरा. चर खचला, कारण माती एकदम लोटून फक्त वरून दाबली गेली असणार.

वरच्या २०० मीटरला कार्पेटची गरज आज नाही. तीन मिलीमीटरपेक्षा रुंद भेगा झाडून, हवेच्या दाबाने साफ करून इमल्शन व बारीक चुरीने भरा आणि नंतर संपूर्ण भागावर सीलकोट किंवा स्लरी सील (इमल्शन व बारीक चुरीचा पातळ लेप) घ्या. यामुळे आणखी काही वर्षे सहज मिळतात, आणि वाचलेला पैसा खालच्या भागाला वापरता येतो. हे काम पावसाळ्यात मुळीच करू नका. दिवाळीनंतर जमीन सुकू द्या. डिसेंबर ते एप्रिल हा काळ उत्तम. पावसाळ्यात खड्डा पडलाच तर पोत्यांत मिळणारे थंड मिश्रण तात्पुरते वापरा.

काम चालू असताना आपल्यापैकी एकाने मोजपट्टी आणि तापमापक घेऊन उभे राहावे. व्हीजी-३० प्रतीच्या (रस्त्यांसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या घट्टपणाच्या) डांबराचे मिश्रण पसरताना १४० अंश सेल्सिअसपेक्षा थंड नसावे आणि रोलरचे काम ते ९० अंशांपर्यंत उतरण्याआधी संपावे. मिश्रण ताडपत्री झाकून आले पाहिजे. २० मिलीमीटर कार्पेटला दर दहा चौरस मीटरमागे १४.६ किलो डांबर लागते. आपला खालचा भाग ६६० चौरस मीटर आहे, म्हणजे केवळ कार्पेटसाठी सुमारे ९६४ किलो. वाळूमिश्रित सीलकोटला दर दहा चौरस मीटरमागे ६.८ किलो, म्हणजे आणखी सुमारे ४४९ किलो. हे आकडे दरपत्रकात लिहून घ्या. अनेकदा बचत इथेच केली जाते आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

धागाकर्ता :

मनापासून आभार. दोन्ही दरपत्रके परत पाठवली आहेत आणि तिन्ही भागांसाठी वेगवेगळे दर मागवले आहेत.

आज संध्याकाळी गटाराच्या कडेने शेवटपर्यंत चालत गेलो. उताराकडच्या अठरा घरांपैकी अकरा घरांनी गाडी आत घेण्यासाठी गटारावर काँक्रीटचा उतार बांधला आहे, आणि त्यातल्या सात ठिकाणी खाली पाइपच घातलेला नाही. गटार तिथे सरळ बंद झाले आहे. त्या सातांपैकी एक उतार माझ्या घरासमोरचा आहे. २०१९ मध्ये तो बांधताना पाणी कुठे जाईल हा विचार माझ्या मनात आला नव्हता. रविवारच्या बैठकीत हे सांगणार आहे आणि माझा उतार पहिल्यांदा फोडून घेणार आहे. त्या जागी पाइप घालावा की दुसरे काही?

प्रतिसाद १ :

पाइप घातला तर कमीत कमी ३०० मिलीमीटर व्यासाचा घ्या, कारण लहान पाइपात पाला आणि प्लास्टिक अडकते आणि आतून साफ करता येत नाही. माझे मत विचाराल तर पाइपाऐवजी गटारावर उचलता येणारी लोखंडी जाळी बसवा. मोटारीचे वजन पेलेल इतकी जाड घ्या आणि दोन माणसांना उचलता येईल अशा तुकड्यांत करून घ्या. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या जाळ्या एकदा उचलून गाळ काढला, की जूनचे पहिले पाणी अडणार नाही.