बाली: चार रात्रींत समुद्रकिनारा आणि बाटूर ज्वालामुखी कसं बसवू?

नमस्कार मंडळी, कोल्हापूरहून मी, बायको आणि आई (वय ६६) जूनमध्ये बालीला चाललोय. चारही रात्री सानूरला बुक केल्यात. तिथलं पाणी शांत, आईला पाय बुडवून निवांत बसता येईल. पण १७१७ मीटरचा बाटूर बघायचाच आहे. पहाटेच्या ट्रेकला मध्यरात्रीच निघावं लागतं, आणि जोतिबाच्या पायऱ्या उतरतानाच आईचे गुडघे दुखतात, म्हणून ट्रेक नको. दोन गाडीवाल्यांना विचारलं. दोघंही देऊळ, कॉफीचा मळा, भातखाचरं सगळं एकाच दिवसात कोंबतात. आम्हाला फक्त पेनेलोकानवरून (बाटूरसमोरच्या कड्यावरची, गाडीने जाता येणारी जागा) डोंगर, तळं आणि तो काळा लाव्हा डोळे भरून बघायचाय.

सानूरहून पहाटे किती वाजता निघालं तर ढग उतरायच्या आत पोहोचू आणि दुपारी परत किनाऱ्यावर येऊ? की एक रात्र तिथेच, बाटूरजवळच्या किंतामणी भागात काढावी?