आज्जांची फियाट दान करायची आहे, कशी करू?

अनगोळकर: आमच्या आज्जांची 1965 ची फियाट अकराशे शेडमध्ये पडून हाय, बोनेटवर कोंबड्या बसतात. अनाथाश्रमाला द्यावी म्हणालोय, 80जी, म्हणजे दानावरची इन्कम टॅक्सची सूट, मिळतंय काय ओ?

खानापूरवाला: नाही ओ. वस्तूला 80जी नाही, पैसेच पायजेत, तेपण रोख 2000 पर्यंतच. गाडी विका आणि चेक द्या, आश्रमवाले ती घेऊन काय करणार, प्लग साफ करत बसणार?

टिळकवाडी कट्टा: पोपना 2017 ला लॅम्बोर्गिनीनं हुराकान दिली, त्यांनी बोनेटवर सही करून लिलावालाच पाठवली, 2018 ला विकली आणि पैसे दान. तुम्हीपण आज्जांची सही घ्या की 😄

अनगोळकर: आज्जा नाहीत ओ आता. आरसी अजून त्यांच्याच नावावर हाय.

शहापूरकर: मग आधी फॉर्म 31 भरून वारसाच्या नावावर करा, विकताना 29 आणि 30. आणि कोंबड्या हाकला पहिला, पेंट जाईल.