गुडघ्यालगतचे हाड जुळल्यानंतर सांधा कसा जपावा?

प्रश्न :
दहा आठवड्यांपूर्वी दुचाकीवरून पडल्याने माझ्या नडगीच्या हाडाचा गुडघ्यालगतचा भाग मोडला आणि तेथे प्लेट व स्क्रू बसवले गेले. हाड जुळत आले आहे. मात्र गुडघा ९० अंशांपलीकडे वाकत नाही आणि मांडी वाळल्यासारखी दिसते. सांधा पुढे झिजू नये म्हणून काय करावे?

प्रतिसाद १ :
असा मोड बहुधा सांध्याच्या पृष्ठभागापर्यंत जातो, त्यामुळे हाड जुळले तरी त्यावरील कूर्चेची (हाडाच्या टोकावरील गुळगुळीत, लवचिक आवरणाची) इजा पूर्णपणे भरून येईलच असे नाही. म्हणून पायावरील भार शल्यविशारद सांगतील त्याच गतीने वाढवावा. पाय सरळ ठेवून मांडीचा पुढचा स्नायू काही सेकंद आवळून धरण्याचा व्यायाम दिवसातून अनेकदा करावा, कारण चालताना बसणारा धक्का हाच स्नायू झेलतो. झोपताना गुडघ्याखाली उशी घेऊ नये. बरे वाटते खरे, पण गुडघा वाकलेल्या अवस्थेतच आखडतो.

प्रतिसाद २ :
माझा गुडघा ९० वरून १२० अंशांवर यायला चार महिने लागले. काठी मी दुखऱ्या बाजूलाच धरत असे. ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात असावी, हे फिजिओथेरपिस्टनी दाखवले. उकिडवे बसणे मात्र मी कायमचे सोडले.

प्रतिसाद ३ :
तंबाखू असल्यास बंद करावी, तिने हाड जुळणे लांबते. पोटरी अचानक सुजून दुखू लागल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे; ती रक्ताची गुठळी असू शकते.