एकच आठवण दोघांची, खरी कोणाची?

अनवट
शाळेत प्रयोगशाळेच्या मागे अडगळीची एक खोली होती. एका संध्याकाळी शिपायाने आत न बघताच बाहेरून कडी घातली आणि मी आत अडकले. रडून रडून घसा बसला. फळीवर एका बरणीत पिवळट पाण्यात बेडूक ठेवलेला होता, झाकण मेणाने बंद केलेलं, आणि मेणाचा एक ओघळ काचेवर वाळलेला. आत्ताही डोळ्यांसमोर दिसतोय.

पंचाईत अशी की माझा धाकटा भाऊ शपथेवर सांगतो, अडकला होता तो. बेडूक त्याच्याही गोष्टीत आहे, मेणाचा ओघळसुद्धा. मी म्हणे त्याला शोधत दाराशी आले होते. परवा यावरून आमची चांगलीच जुंपली. थापा दोघंही मारत नाही आहोत. असं होऊ शकतं का? आणि खरं कोण, हे कळायला काही मार्ग?

टग्या
बेडकाला विचारा. (हलके घ्या.)

माजी_मास्तर
होऊ शकतं. मी मानसशास्त्र शिकवायचो, वर्गात असले किस्से हमखास निघायचे आणि बहुतेक वेळा भावंडांचेच. २००१ मध्ये शीन, केम्प आणि रुबिन यांनी नेमका हाच प्रकार अभ्यासला. जुळ्यांच्या २० जोड्यांना काही शब्द देऊन त्यावरून आठवणी सांगायला लावल्या, तर बहुतेक जोड्यांत निदान एक आठवण अशी निघाली की दोघंही म्हणत, "हे माझ्या बाबतीत घडलं." वयाने जवळच्या भावंडांत आणि मित्रांतही हे सापडलं, जरा कमी. आणि गंमत पुढेच आहे. जुळ्यांच्या दुसऱ्या गटाने या वादातल्या आठवणी बिनवादाच्या आठवणींपेक्षा जास्त ठसठशीत असल्याचं सांगितलं. तेव्हा तो मेणाचा ओघळ कितीही स्वच्छ दिसत असला, तरी तो कोणाच्याच बाजूची साक्ष नाही.

असं का होतं? अडकलं कोणीतरी एकच. त्याने घरी येऊन सगळं रंगवून सांगितलं, दुसऱ्याने ऐकता ऐकता ते मनात पाहिलं. मग वर्षानुवर्षं दोघंही तीच गोष्ट सांगत राहिले. काय घडलं हे मेंदू बऱ्यापैकी धरून ठेवतो. ते आपण पाहिलं, ऐकलं की नुसतं कल्पिलं, ही नोंद मात्र फार कच्ची असते. शिवाय आठवण दर वेळी तुकड्यांतून नव्याने जुळवली जाते, आणि त्या जुळणीला मेंदूचे जे भाग लागतात त्यांतले बरेचसे कल्पना करतानाही कामाला येतात.

काठावरचा
किरकोळ गोष्टींचं ठीक आहे हो. पण मोठी घटना, जबर धक्का, ते तर कोरलं जातं ना?

माजी_मास्तर
असंच वाटायचं. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान कोसळलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी नाइसर आणि हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कुठे कळली, कोणाकडून, तेव्हा काय करत होता. सुमारे अडीच वर्षांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले. ४४ पैकी ११ जणांचे मुख्य मुद्दे सपशेल चुकले होते. स्वतःच्या अक्षरातला कागद समोर ठेवला, तरी जुनी आठवण काही परत आली नाही. आणि चुकलेल्यांतले कित्येक अगदी ठाम होते.

विसरभोळी
अवांतर: ओळखीच्या माणसाचं नाव जिभेवर येऊन अडतं, पहिलं अक्षरसुद्धा माहीत असतं, ते काय? वय झालं म्हणायचं?

माजी_मास्तर
वयाने वाढतं, पण तरुणांनाही होतं. ब्राउन आणि मॅकनील यांनी १९६६ मध्येच दाखवलं की अडलेल्या शब्दाचं पहिलं अक्षर नि लांबी लोक बरेचदा बरोबर सांगतात. शब्द पुसला गेलेला नसतो, फक्त त्या क्षणी पुरता वर येत नाही. नावं जास्त अडतात, कारण माणसाचा धंदा, चेहरा, सवयी एकमेकांना धरून असतात, नाव मात्र नुसतं चिकटवलेलं.

अनवट, तुमचा मार्ग राहिलाच. आता आपसात बोलणं बंद. दोघांनी वेगवेगळं लिहा. मग आईला विचारा, पण "बेडूक आठवतो ना?" असं नको. लॉफ्टस आणि पामर यांनी १९७४ मध्ये अपघाताची फिल्म दाखवून काहींना गाड्या "धडकल्या" तेव्हा वेग किती होता असं विचारलं, काहींना "आदळून चेंदामेंदा झाल्या" तेव्हाचा. आठवड्याने फुटलेल्या काचा पाहिल्यात का विचारलं, तर पहिल्या गटातले ५० पैकी ७ हो म्हणाले, दुसऱ्यातले १६. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती.

अनवट
आईला विचारून झालंय. ती म्हणते अडकलं कोणीच नव्हतं, दार नुसतं घट्ट बसलं होतं.

माजी_मास्तर
आईला तरी ते तुमच्यापैकीच कोणीतरी सांगितलं असणार ना? ही गोष्ट तुमच्या तोंडून कधीच न ऐकलेला त्या शाळेतला एखादा जुना विद्यार्थी गाठा. आणि विचारायचं फक्त एवढंच, "त्या खोलीबद्दल काय आठवतं?"