हॉटेलच्या ब्रासरीतले ब्रिटिश जेवण : आपले अनुभव

ब्रिटनमधील अनेक मोठ्या हॉटेलांत एक ब्रासरी असते. तिथे उंची रेस्टॉरंटची कडक शिस्त नसते आणि पबचा गलकाही नसतो. बसायला गुबगुबीत कोच असतात, कुणी उठवायची घाई करत नाही, आणि मेन्यूवर रोस्ट, पाय (पिठाच्या आवरणात भाजलेले सारण), मासे-चिप्स व पुडिंगे असतात. हे जेवण बेचव असते, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की वर्षानुवर्षे तिकडे राहिलेली मंडळीही त्या वाटेला जात नाहीत. जे गेले त्यांनी काय मागवले, काय आवडले आणि काय पानात राहिले, ते कृपया तपशिलाने लिहावे. नुसते ‘छान होते’ नको.

लीड्सहून

आम्ही रविवारी दुपारी रोस्ट बीफ मागवले. आतून गुलाबी राहिलेल्या मांसाच्या चकत्या, खरपूस बटाटे, पार्सनिप (गाजरासारखे एक कंदमूळ), ग्रेव्ही आणि वर फुगलेले यॉर्कशर पुडिंग असे ते ताट असते. मैदा, अंडी आणि दूध यांचे पातळ मिश्रण कडकडीत तापलेल्या चरबीत ओतून ओव्हनमध्ये ठेवतात, त्यामुळे पुडिंग कडेने उंच चढते आणि मध्ये खळगा राहतो. ग्रेव्ही त्यातच ओतायची. पूर्वी यॉर्कशरमध्ये ते मांसाच्या आधी वाढत, म्हणजे पोटाला आधार होऊन महागडे मांस पुरवठ्याला येई.

चवीबद्दल म्हणाल, तर नुसते मांस सपक लागणारच. पण सोबतच्या वाटीतला हॉर्सरॅडिशचा सॉस लावला की फेसलेल्या मोहरीसारखा झणका थेट नाकात जातो, आणि त्यात नवल नाही, कारण ते मूळ मोहरीच्याच कुळातले आहे. या स्वयंपाकात झणका बहुतेक वेळा शिजवताना घालत नाहीत, तो टेबलावर ठेवतात : बीफला हॉर्सरॅडिश किंवा मोहरी, कोकराच्या मांसाला पुदिन्याचा सॉस, डुकराच्या मांसाला सफरचंदाचा. त्या वाट्यांना हात न लावता बेचव असा शिक्का मारणारे पुष्कळ भेटतात.

बर्मिंगहॅमहून

मी शाकाहारी आहे आणि अंडी खाते. वरचा प्रतिसाद वाचून कुणी नुसते यॉर्कशर पुडिंग मागवू नये, ते बऱ्याच ठिकाणी बीफच्या चरबीत भाजलेले असते. उत्तर इंग्लंडमध्ये चिप्सही कित्येकदा त्याच चरबीत तळतात. वेल्श रेअरबिट हा पावावर भाजलेल्या चीजचा पदार्थ निर्धोक वाटतो, पण त्यात वूस्टर सॉस असतो आणि त्या सॉसमध्ये पारंपरिक कृतीनुसार अँचोवी मासे असतात. वाफेवरच्या पुडिंगात सूएट, म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी, असू शकते. वनस्पतिजन्य सूएटही मिळते, म्हणून विचारावेच.

विचारण्यात संकोच नको. १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणे तिथे कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्यांत मासे, अंडी व दूध येतात. मांसाची चरबी मात्र त्या यादीत नाही, तिच्याबद्दल स्वतंत्रपणे विचारावे लागते. मी बहुतेकदा फ्लॉवर चीज आणि नट रोस्ट (सुक्या मेव्याच्या मिश्रणाचा भाजलेला वडीसारखा पदार्थ) मागवते. पहिले उत्तम असते. दुसऱ्याबद्दल तेवढे चांगले लिहिता येणार नाही.

एडिनबराहून

वेव्हर्ली स्थानकाला लागूनच १९०२ साली उघडलेले बॅल्मोरल हॉटेल आहे. प्रवाशांची गाडी चुकू नये म्हणून त्याच्या मनोऱ्यावरचे घड्याळ एरवी तीन मिनिटे पुढे ठेवतात. गाडीला अवकाश असताना जवळच्याच एका ब्रासरीत मी कलन स्किंक घेतले. धुरावलेला हॅडॉक मासा, बटाटा, कांदा आणि दूध यांचे हे दाट सूप आहे. मासा आणि दूध एकत्र हे आपल्या घरांत वर्ज्य, त्यामुळे आईला मी हे सांगितलेले नाही.

लँकास्टरहून

सासूबाई सांगलीहून आल्या असताना आम्ही त्यांना मोरेकॅमला नेले. समुद्रासमोरच १९३३ सालचे, पांढरेशुभ्र आणि किंचित वळलेले मिडलँड हॉटेल आहे. या उपसागरातली बारीक तपकिरी कोळंबी जायपत्री घातलेल्या लोण्यात थिजवून पावासोबत देतात, ती इथे आवर्जून खावी. शेवटी स्टिकी टॉफी पुडिंग आले. पहिल्याच चमच्याला सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, यात खजूर आहे!’ ते खरेच आहे. अल्सवॉटर तलावाकाठच्या शॅरो बे हॉटेलने १९७०च्या दशकात हे पुडिंग नावारूपाला आणले.

लंडनहून

मला मात्र हा प्रकार फारसा पटलेला नाही. एका हॉटेलात स्टेक अँड एल पाय (बीफ आणि एल नावाची बिअर घातलेली पाय) मागवली, तर भांड्यात रस्सा आणि वर पफ पेस्ट्रीचे झाकण! तळ, कडा आणि झाकण असे तिन्ही पिठाचे असेल तरच ती पाय, असे इथले जाणकारही भांडून सांगतात. बिलात १२.५ टक्के सेवाशुल्क आधीच मिळवलेले असते. ते बहुधा ऐच्छिक असते आणि काढायला सांगता येते. पण १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यामुळे ती रक्कम कर्मचाऱ्यांनाच द्यावी लागते, म्हणून मी ते राहू दिले.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. पायबद्दलची तक्रार रास्त आहे. मागवण्यापूर्वी ‘तळाला पेस्ट्री आहे का’ असे विचारून घ्यावे. न्याहारीबद्दल अद्याप कुणी लिहिलेले नाही. किपर (धुरावलेला हेरिंग मासा) किंवा केजरी (धुरावलेला मासा आणि अंडी घातलेला भात) खाल्लेल्यांनी अवश्य लिहावे, आणि लहान मुलांना घेऊन गेलेल्यांनीही.